समेवर दिवा कोण लावतो? नाशिकच्या एका नृत्यप्रयोगाचं प्रकरण

गोदावरीला पूर आला की नाशिकमध्ये फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मारुतीला कुठवर लागलंय?" रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती म्हणजे गावाचं पूरमापक. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले आणि होळकर पुलाखालून किती वाहताहेत, हे आकडे जाहीर होत राहतात. पण घरात आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना एका दमात समजतं ते गुडघा, कंबर, छाती, गळा.

इथल्या एका नृत्यसंस्थेनं याच मापावर समकालीन नृत्याचा पाऊण तासाचा प्रयोग बांधायला घेतला. पाच कलाकार. चौघी कथक शिकलेल्या, पाचवा मुलगा हिपहॉपमधून आलेला. सोबत प्रत्यक्ष तबला, हार्मोनियमवर लेहरा (ताल धरून पुन्हा पुन्हा फिरणारी धून) आणि मधूनमधून विसर्गाचे आकडे वाचणारा एक कोरडा आवाज. पाण्याची चित्रफीत मागच्या पडद्यावर दाखवायची नाही, हे नृत्यदिग्दर्शिकेनं पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. पाणी उजेडाचं हवं, ते अंगावरून वर चढायला हवं आणि चढवणारी अंगंच हवीत. नर्तक जितके खाली बसतील, वाकतील, जमिनीला लागतील तितका उजेड वर यावा. ते उठले की उतरावा. बटण दाबून वर-खाली होणारा उजेड दिग्दर्शिकेला नको होता.

प्रकाशयोजनेचा सल्लागार म्हणून मी या प्रयोगाबरोबर सुरुवातीपासून होतो. संस्थेचं आणि सभागृहाचं नाव इथे दिलेलं नाही. ज्या अडचणी आल्या त्या आपल्याकडच्या कुठल्याही सभागृहात आल्या असत्या.

कल्पना कागदावर सुरेख होती, आणि नृत्याच्या प्रकाशयोजनेत ती चपखल बसणारी होती हे विशेष. नाटकात उजेड मुख्यतः समोरून येतो, कारण चेहरा दिसायला हवा. नृत्याला शरीराची घडण दिसायला हवी, म्हणून उजेड बाजूने, विंगांतून येतो. अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहमबरोबर काम करणाऱ्या जीन रोझेन्थाल या प्रकाशयोजनाकार बाईंनी ही बाजूची पद्धत अमेरिकेत रुजवली आणि आज जगभर तीच चालते. विंगेत उभा पाइप लावायचा आणि त्यावर वेगवेगळ्या उंचीवर दिवे: एक पोटरीच्या पातळीला, एक कमरेच्या, एक डोक्याच्या. आम्ही दोन्ही बाजूंच्या पाइपांवर पाच-पाच दिवे बांधले. घोटा, गुडघा, कंबर, छाती, गळा. घोट्याच्या दिव्याला एका नर्तिकेनं तालमीच्या पहिल्याच दिवशी "मारुतीचा अंगठा" म्हणायला सुरुवात केली आणि पुढे क्यूशीटवरही (दिव्यांचे बदल कधी ते लिहिलेल्या कागदावर) तेच नाव लागलं.

आता हे दिवे नर्तकांच्या हालचालीला बांधायचे कसे?

आधी कोणी काय केलंय

ही इच्छा नवी नाही. लॉई फुलर १८९२ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर रेशमाचे प्रचंड पदर फिरवत नाचत होती आणि त्यावर पडणारे रंगीत झोत माणसं हातानं बदलत होती. यंत्राला नर्तकाकडे 'बघायला' लावण्याचा मोठा प्रयत्न १९६५ चा. नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांच्या 'व्हेरिएशन्स फाइव्ह'मध्ये रंगमंचावर अँटेना आणि प्रकाशविद्युत घट लावले होते. नर्तक त्यांच्याजवळून गेले की आवाज बदलत. अँटेना रॉबर्ट मूग यांनी बनवल्या होत्या, तेच पुढे सिंथेसायझरसाठी प्रसिद्ध झाले. मेलबर्नच्या चंकी मूव्ह या संस्थेचा 'ग्लो' २००६ चा. त्यात एकच नर्तक जमिनीवर, डोक्यावर इन्फ्रारेड कॅमेरा आणि प्रोजेक्टर, आणि फ्रीडर वाइस या जर्मन अभियंत्याच्या सॉफ्टवेअरनं शरीराच्या कडेकडेनं आखलेला उजेड. भारतात बंगळुरूच्या अट्टाक्कलारी या संस्थेनं नृत्य आणि डिजिटल तंत्र एकत्र आणण्याचं काम बरंच आधी सुरू केलं.

आमच्या दिग्दर्शिकेनं 'ग्लो'च्या ध्वनिचित्रफिती बघितल्या होत्या आणि त्या डोक्यात होत्या. त्या बघताना एक गोष्ट सहज निसटते. 'ग्लो'मध्ये उजेडाला गाठायला ताल नाही. कथकला सम आहे, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, जिथे सगळ्यांनी एकत्र पोचायचं. आमचं निम्मं प्रकरण या एका फरकात होतं, पण ते कळायला वेळ लागला. त्याआधी साध्या साध्या गोष्टींनीच आडवं पाडलं.

पहिलं यंत्र

अंबड एमआयडीसीत ऑटोमेशनचं काम करणारा एक इंजिनिअर या गटात होता. एका नर्तिकेचा भाऊ. कारखान्यात धावत्या पट्ट्यावरच्या सुट्या भागांत खोट आहे का हे कॅमेऱ्यानं तपासणारी यंत्रणा बसवणं, हा त्याचा रोजचा धंदा. नाशिकला सातपूर-अंबडचा हा फायदा आहे. सेन्सर, पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा संगणक) आणि कॅमेरा हाताळणारी माणसं गल्लीगल्लीत सापडतात. पुण्या-मुंबईहून तंत्रज्ञ आणायची गरज पडली नाही.

त्यानं जुना किनेक्ट मिळवला. मायक्रोसॉफ्टनं खेळांसाठी काढलेलं हे यंत्र, पहिली आवृत्ती २०१० ची, दुसरी २०१३ ची. कंपनीनं ते बंद करून बरीच वर्षं झाली, तरी जगभरचे हौशी कलावंत अजून त्याच्यावर काम करतात, कारण ते अंतर मोजतं. स्वतःचा इन्फ्रारेड उजेड टाकायचा, दुसऱ्या आवृत्तीत तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून समोरची वस्तू किती दूर आहे ते काढायचं, आणि त्यातून माणसाचा सांगाडा उभा करायचा. दुसरी आवृत्ती एका वेळी सहा माणसं ओळखते, प्रत्येकाचे २५ सांधे. आमची माणसं पाच. हिशेब जुळत होता.

तालमीच्या खोलीत सगळं छान चाललं. सभागृहात गेल्यावर एकेक पापुद्रा सुटत गेला.

पहिलं म्हणजे पल्ला. हा किनेक्ट सांगाडा खात्रीनं ओळखतो तो साधारण साडेचार मीटरपर्यंत. आपल्याकडचा रंगमंच तीस-पस्तीस फूट रुंद आणि बऱ्यापैकी खोल. म्हणजे निम्मी मंडळी कायम त्याच्या नजरेबाहेर.

दुसरं, घेर. कथकच्या पोशाखात कमरेखाली काय चाललंय हे यंत्राला दिसत नाही. बसकी घेतली की गुडघे गायब, आणि उरलेलं शरीर कुठल्या तरी खुर्चीत बसलंय असा त्याचा समज. आमचा उजेड तर नेमका गुडघ्यावर आणि घोट्यावर अवलंबून.

तिसरं, चक्कर. हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण पडद्यावर ते बघताना सगळेच हसले होते. किनेक्ट खेळासाठी बनला. खेळणारा माणूस टीव्हीकडे तोंड करून उभा राहणार, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. त्यामुळे समोरच्या माणसाची पाठ आपल्याकडे असू शकते, हे त्याला पटतच नाही. नर्तिका गर्रकन फिरली की पाठ आली तरी तो तिला समोरचीच धरतो आणि उजवा हात डावा करून टाकतो. पुन्हा फिरली की पुन्हा बदलतो. लॅपटॉपवर हिरव्या रेघांचा सांगाडा हात झिंज्यांसारखे उडवत होता, आणि त्या तालावर दोन्ही विंगांतले दिवे चमकत विझत होते. हिपहॉपवाल्या मुलानं जमिनीवर हात टेकून पाय वर केले तेव्हा तर सांगाड्यानं हार मानली आणि नाहीसाच झाला.

चौथं कारण सभागृहातले दिवे. समोरच्या बारवर जुने हजार वॉटचे हॅलोजन. हॅलोजन दिव्यातली बहुतेक ऊर्जा डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये जाते. म्हणूनच त्याखाली उभं राहिलं की चटका बसतो. किनेक्ट ज्या उजेडानं बघतो तोच हा उजेड. हॅलोजनचा झोत थेट त्याच्या डोळ्यात गेला की चित्रात भोकं पडतात. एलईडी दिव्यांनी हा त्रास होत नाही, त्यांच्यात इन्फ्रारेड जवळपास नसतंच.

सभागृहाचे दिवे सांभाळणारे काका आमच्याबरोबर होते. साठी ओलांडलेली, आयुष्य नाटकांत गेलेलं. त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुमच्या यंत्राला अंधारातच दिसतं म्हणा की." तसंच होतं ते.

सांगाडा सोडला, सावली घेतली

इंजिनिअरनं मग कारखान्यातली रीत आणली. सुट्या भागाचा आकार तपासायचा असेल तर त्याच्यामागे सपाट उजेड लावतात, म्हणजे कॅमेऱ्याला फक्त काळी आकृती दिसते. रंग, चकाकी, पोत, सगळं बाद. आपल्याला सांधे कशाला हवेत? आकृतीची वरची कड किती उंच आहे एवढंच तर हवंय.

रंगमंचामागच्या पांढऱ्या पडद्यावर, म्हणजे सायक्लोरामावर, खालून इन्फ्रारेड दिवे टाकले. सीसीटीव्हीसोबत मिळतात तेच, ८५० नॅनोमीटरचे, एम. जी. रोडवरच्या दुकानांतून आणलेले. प्रेक्षकांना त्यांची जेमतेम लालसर ठिणगी दिसते, आणि ती आम्ही पट्टीआड झाकली. बाल्कनीच्या कठड्यावर कॅमेरा, त्याच्या भिंगापुढे दृश्य उजेड अडवून फक्त इन्फ्रारेड आत सोडणारी काच. कॅमेराही सीसीटीव्हीचाच घ्यावा असं आधी ठरत होतं, पण नेटवर्कवरून चित्र पाठवणारे ते कॅमेरे चित्र दाबून बांधतात आणि त्यात आणखी उशीर होतो. म्हणून यूएसबीचा, कारखान्यातला.

आता नर्तकी कुठल्या दिशेला तोंड करून आहे, घेर आहे की नाही, चक्कर किती वेगात, काहीच अडत नव्हतं. पाचही जण एकमेकांत मिसळले तर यंत्राला एकच गोळा दिसायचा. पुराच्या दृश्याला ते उलट साजेसंच होतं. पाणी माणसं मोजत बसत नाही.

दोन गंमती झाल्या. कॅमेऱ्यात बघितलं तर काही काळ्या विंगा पांढऱ्याफटक. पुष्कळशा काळ्या कापडांचा रंग इन्फ्रारेड शोषत नाही, परत फेकतो, हे तोवर आमच्यातल्या कुणी अनुभवलं नव्हतं. विंगेची कड आकृतीत धरली जायची आणि उजेड कारण नसताना चढायचा. कॅमेऱ्याच्या चित्रातून दोन्ही कडांचे भाग कापून टाकले तेव्हा ते थांबलं. दुसरी गंमत हॅलोजनचीच. समोरच्या बारचा उजेड सायक्लोरामावर सांडला की आकृतीची कड फिकट पडायची. यावर काकांनी जे केलं त्याला सॉफ्टवेअर लागलं नाही. शिडी घेतली, दिव्यांचा कोन उतरता केला, झडपा मिटल्या, आणि झोत सायक्लोरामाच्या अलीकडे जमिनीवर संपवला. इंजिनिअर आकृती साफ करण्यासाठी सूत्रं लिहीत बसला होता, तो लॅपटॉपवरचं चित्र एकाएकी स्वच्छ झालेलं बघून उठून उभा राहिला.

दिवे चालवायची भाषा मात्र जुनीच, डीएमएक्स. १९८६ मध्ये ठरलेलं हे मानक आजही सगळीकडे चालतं. एका तारेवर ५१२ वाहिन्या, प्रत्येक वाहिनी म्हणजे एका दिव्याची तीव्रता किंवा एखादा रंग. लॅपटॉप आकृतीची उंची मोजायचा, तिचे पाच टप्पे करायचा आणि विंगांतल्या एलईडी दिव्यांना पाठवायचा. समोरचे आणि वरचे दिवे सभागृहाच्या बोर्डावर, काकांच्या हातात, पूर्ण वेगळे. हे मी हट्टानं वेगळं ठेवायला लावलं होतं. लॅपटॉप कुठल्या क्षणी काय करील याचा नेम नसतो, आणि तो बसला तरी रंगमंचावर अंधार होता कामा नये.

सम

आता खरी अडचण.

विलंबित, म्हणजे संथ लयीच्या भागात उजेड अप्रतिम चालत होता. थाटात उभी असलेली नर्तिका श्वासाबरोबर जराशी खाली आली की घोट्याचा उजेड पोटरीकडे सरकायचा. बघणाऱ्याला तो तिचाच एक अवयव वाटायचा. मग द्रुत, म्हणजे जलद लय सुरू झाली, तिहाई (तोच बोल तीनदा घेऊन समेवर येणं) आली, "तिग्दा दिगदिग थेई", तिसरा 'थेई' समेवर पडला, पाचही जण एका झटक्यात जमिनीला टेकले, आणि उजेड गळ्यापर्यंत उसळला. समेनंतर.

किती नंतर? कानाला 'ठप्प' ऐकू आलं, आणि डोळ्याला उजेड जरा मागाहून आला, इतकंच. पण एकदा दिसलं की दिसतच राहतं. तबलजी वाजवता वाजवता हसले. दिग्दर्शिकेचा चेहरा उतरला.

इंजिनिअरनं हिशेब मांडला. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेतो, म्हणजे दोन चित्रांत ३३ मिलिसेकंद. लॅपटॉप आकृती शोधतो, उंची काढतो, थरथर दिसू नये म्हणून मागच्या काही चित्रांची सरासरी घेतो. डीएमएक्सची पूर्ण फेरी सेकंदाला जास्तीत जास्त ४४ वेळा होते, म्हणजे तिथे आणखी २३ च्या आसपास. शेवटी दिवा स्वतः उजेड गुळगुळीत चढवण्यासाठी थोडा वेळ खातो. सगळं मिळून दीडशे मिलिसेकंदांच्या जवळ.

दीडशे मिलिसेकंद म्हणजे काही नाही, असं तो म्हणाला. कारखान्याच्या हिशेबात बरोबरच होतं. त्यावर तबलजींनी हिशेब उलटा करून दाखवला. विलंबितात मिनिटाला ६० मात्रा धरल्या तर एक मात्रा एका सेकंदाची. दीडशे मिलिसेकंद तिचा सहावा हिस्सासुद्धा नाहीत, कुणाला कळणार नाही. पण आपण द्रुत वाजवतो मिनिटाला ३०० च्या लयीत. तिथे एक मात्रा २०० मिलिसेकंदांची. "तुमचा उजेड पाऊण मात्रा मागे येतोय, सर. पाऊण मात्रा मागे आलेल्या माणसाला आमच्याकडे बेताला म्हणतात."

यावर कॅमेरा वेगवान घेता येतो, सरासरी कमी करता येते, दिव्यातली गुळगुळीत चढण बंद करता येते. ते सगळं केलं. उशीर घटला, पण शून्य झाला नाही, आणि सरासरी काढून टाकल्यावर विलंबितातला तो सुंदर श्वास थरथरायला लागला. एकीकडून ओढलं की दुसरीकडून उघडं.

मधल्या काळात पायात सेन्सर बांधून बघितला. घुंगरांच्या पट्टीखाली पातळ पिझो चकती, तिला जोडलेली छोटी वायफाय पाटी. पायाचा आघात चकतीला लागलीच कळतो, कॅमेऱ्याची वाट बघावी लागत नाही. तालमीत याचा परिणाम डोळ्याला दिसण्याइतका चांगला होता. निमंत्रितांसमोर पहिली चाचणी केली तेव्हा सभागृहात माणसं बसली आणि सेन्सर मुके झाले. एका क्षणी चालू, पुढच्या क्षणी नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच, आणि खिशाखिशातला फोन, सायलेंटवर ठेवला तरी, वायफाय शोधत असतो. रिकाम्या सभागृहातली चाचणी ही चाचणीच नव्हे, हे ध्वनीवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मग पिझो पायातून काढून रंगमंचावरच्या फळीखाली लावला, तारेनं जोडला. वायफायचं भांडण मिटलं, पण आता तो तबल्याचा बायाँ आणि स्पीकरचा खर्जही पाऊल समजायला लागला.

आणि तरीही, सेन्सर कितीही जलद केला तरी मूळ गोष्ट बदलत नाही असं माझं मत तिथे पक्कं झालं. सेन्सरला जे घडून गेलं तेच कळतं. पाय पडला, मग त्याला कळलं. तालाचा सगळा व्यवहार पुढे काय येणार यावर चालतो. तिहाई सुरू झाली की नर्तिकेला, तबलजीला आणि जाणत्या रसिकाला सम कुठे पडणार ते आधीच ठाऊक असतं. मैफलीत समेवर टाळी देणारा रसिक सम ऐकून टाळी देत नाही. त्याचा हात आधीच निघालेला असतो आणि समेशी जाऊन भेटतो. नुसत्या प्रतिक्रियेचा वेळ मोजला तर माणूस या यंत्रापेक्षा मंदच निघेल. पण समेला तो प्रतिक्रिया देतच नाही.

हे मी तालमीत बोललो तेव्हा काका म्हणाले, "मग तो फेडर माझ्याकडे द्या." फेडर म्हणजे उजेड कमी-जास्त करणारी सरकपट्टी.

वाटणी

काकांना ताल शास्त्रशुद्ध येत नव्हता. धा आणि धिन कुठल्या मात्रेवर हे त्यांनी सांगितलं नसतं. पण कित्येक वर्षं संगीत नाटकं आणि नृत्याचे कार्यक्रम त्यांच्या बोटांखालून गेले होते. त्यांना फिलामेंटची सवय होती. हजार वॉटचा हॅलोजन बटण दाबलं की लगेच पूर्ण पेटत नाही, तार तापायला वेळ घेते. म्हणून जुने लाइटवाले दोन गोष्टी करतात: तार थोडी गरम ठेवतात, म्हणजे फेडर अगदी नावाला वर, दिसेल न दिसेल असा, आणि क्यू येण्याच्या किंचित आधी हात चालवतात. उशीर करणाऱ्या दिव्याला वेळेवर आणायचं कसं, हे कौशल्य त्यांच्याकडे आधीपासून होतं. एलईडीच्या काळात ते निकामी होत चाललंय असं ते स्वतः म्हणायचे.

व्यवस्था अशी ठरली. लॅपटॉपशेजारी एक छोटा फेडरबोर्ड जोडला. कॅमेऱ्यानं मोजलेली उंची थेट दिव्यांकडे न जाता आधी फेडरने गुणली जायची. फेडर खाली तर नर्तकांनी काहीही केलं तरी विंगांत अंधार. फेडर वर तर उजेड पूर्णपणे त्यांच्या हालचालीवर. शेजारी एक बटण: ते दाबलं की उंची काहीही असो, पाचही पातळ्या एकदम पूर्ण, आणि सोडलं की कॅमेरा जे सांगतोय तिथे सावकाश परत. समेवर बटण, बाकी वेळ कॅमेरा. उजेड कुठवर, हे नर्तक ठरवणार. कधी आणि किती, हे काका.

पहिल्या तालमीत काकांनी बटण समेच्या आधीच दाबलं. इंजिनिअर म्हणाला, "काका, लवकर झालं." काका म्हणाले, "पोरी लवकर आल्या नाहीत का?" ध्वनिमुद्रण लावून बघितलं. तबलजींनी लय चढवली होती, नर्तिका तिच्याबरोबर गेल्या होत्या, काकाही. इंजिनिअरच्या डोक्यातली लय मागे राहिली होती.

दिग्दर्शिकेला हे सहजी रुचलं नाही, आणि तिचा आक्षेप वाजवी होता. "मग यात इंटरॅक्टिव्ह काय राहिलं? शेवटी लाइटवाला बटणच दाबतोय." तिला वाटत होतं की यंत्र अपुरं पडलं म्हणून आपण तडजोड करतोय. माझं म्हणणं होतं की काका हे या वाद्यवृंदातले तिसरे वादक आहेत. तबलजी नर्तिकेकडे बघून वाजवतात, त्याला कुणी तडजोड म्हणत नाही. वाद मिटला तो बोलण्यानं मिटला नाही. तिनं प्रेक्षागृहात बसून एकदा फक्त कॅमेऱ्यावर आणि एकदा काकांसह असं द्रुत सलग बघितलं, आणि काही न बोलता क्यूशीटमध्ये काकांच्या बसण्याची जागा बदलून घेतली. त्यांना बाल्कनीतल्या बूथमधून खाली, विंगेत, तबलजी समोर दिसतील असं बसवलं. एवढी लांब केबल सभागृहात नव्हती, ती संध्याकाळी कुठून तरी आणली.

जागेतल्या या बदलाचं महत्त्व मला नंतर कळलं. वरून काकांना रंगमंच दिसत होता. खालून त्यांना तबलजींचा उजवा हात दिसायला लागला. तिहाईच्या शेवटच्या फेरीला तो हात जरा जास्त वर उचलला जातो.

प्रयोगात

प्रयोग झाला तेव्हा विलंबितात कॅमेरा एकटा होता, फेडर पूर्ण वर. कोरड्या आवाजानं विसर्गाचा पहिला आकडा वाचला, पाचही जण अर्ध्या बसक्यात आले आणि उजेड गुडघ्यावर थांबला. पुढच्या रांगेतून कुणीतरी हलक्या आवाजात "मारुती" म्हणालं. तालमीत आम्ही ठरवलेलं की हे कुणाला कळलं नाही तरी चालेल. नाशिकच्या प्रेक्षकांना ते सांगावं लागलं नाही.

द्रुतात काकांनी एक सम चुकवली. नेमकी तीच, जिथे तबलजींनी ऐन वेळी तिहाई लांबवली होती आणि नर्तिकांनाही ती सावरून घ्यावी लागली. बाकीच्या बसल्या. धुराच्या यंत्रानं मध्येच जास्त धूर सोडला तेव्हा आकृतीची कड विरघळली आणि उजेड कंबर-छातीच्या मध्ये घुटमळला. काकांनी फेडर खाली घेतला, धूर निवला, परत वर. प्रेक्षकांत कुणाला ते कळलं असेल असं वाटत नाही. निव्वळ कॅमेऱ्यावर चालणारी यंत्रणा असती तर तो प्रसंग तिथेच उघडा पडला असता.

एक भाग मात्र अजून तसाच अडलेला आहे. शेवटी पाणी ओसरतं. दिग्दर्शिकेला तिथे कुणाचाही हात नको होता, काकांनी फेडरवरून बोटं काढून घ्यावीत असा तिचा आग्रह. नर्तक एकेक करून उठतात, उजेड एकेक पातळी उतरतो. हे दर वेळी वेगळं घडतं. कधी शेवटची नर्तिका उठायच्या आधीच उजेड घोट्यावर येतो, कारण तिच्यापुढे उभ्या असलेल्या दोघांनी आकृतीची वरची कड उंच करून टाकलेली असते, आणि कॅमेऱ्याला खोली समजत नाही. पाठीमागे कुणी बसलंय हे त्याच्या गावीही नसतं. पूर ओसरला असं दिवे सांगतात आणि एक बाई अजून पाण्यात. दिग्दर्शिका म्हणते, राहू द्या, तसंच होतं. मला तिथे दुसरा, वरून बघणारा कॅमेरा लावावासा वाटतो. अजून ठरलेलं नाही.

पुढचे प्रयोग मोठ्या सभागृहात करायचा विचार आहे. तिथे सायक्लोरामा उंच, म्हणजे इन्फ्रारेड दिवे जास्त, आणि काका तिथे नसतील. त्यांची नोकरी या सभागृहाशी बांधलेली. दुसऱ्या लाइटवाल्याला ताल येईलच असं नाही. ध्वनिमुद्रित संगीत घेतलं तर प्रश्नच मिटतो, सगळे क्यू घड्याळावर टाकता येतात. पण प्रत्यक्ष तबला सोडायला कुणी तयार नाही, आणि सोडूही नये. इंजिनिअरचा नवा प्रस्ताव असा की लॅपटॉपलाच लय शिकवायची. पायाशी एक पेडल, वाजवणाऱ्यानं दर आवर्तनाच्या समेला ते दाबायचं, म्हणजे पुढची सम कधी येणार याचा अंदाज यंत्र आधीच बांधेल आणि आपला उशीर वजा करून दिवा आधी सोडेल. लय हळूहळू चढत असेल तर हे चालेल. तबलजी ऐन वेळी तिहाई लांबवतात तिथे नाही चालणार, हे त्यालाही मान्य आहे.

लेहऱ्यावरच्या हार्मोनियमवाल्या ताई पेडल घ्यायला तयार आहेत, पुढच्या तालमीपासून करून बघायचं आहे. तबलजींनी अट एकच घातली: ते त्यांच्या पायाशी नको.